गडद रक्त म्हाताऱ्याचं

आता डावीकडची नळी माझी होती की उजवीकडची, हेच मला धड आठवत नाही, आणि सगळं रामायण घडलं ते त्या नळ्यांपायीच! तुम्हाला सांगतो, फार शिकलेल्या माणसाला रक्ताजवळ एकटं सोडू नये. अहो, एक मिनिटसुद्धा नाही!

झालं काय, माझी नात तेव्हा चौदा वर्षांची. गोलमटोल, आणि भूक अशी, की जेवून हात धुतला की त्याच ओल्या हातानं बिस्किटांचा डबा उघडायची. सूनबाई घाबरल्या, डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "या वयात पोटाचा घेर वाढला की पुढे साखर, रक्तदाब, यकृतावर चरबी, सगळं रांग लावून येतं. उपाशीपोटी रक्त द्या. साखर, इन्सुलिन, भुकेची हार्मोन्स... बिघडलेलं निघालं तर गोळ्या!" गोळ्या म्हटल्यावर पोरीचं तोंड एवढंसं झालं.

आता भूक हा तर माझाच विषय! चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलेला! मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "हे बघ छकुले, घ्रेलिन म्हणजे पोटातून वाजणारी बेल. वाढा, वाढा! आणि लेप्टिन म्हणजे 'आता पुरे' म्हणणारी आई. अंगावर चरबी फार झाली की आई ओरडून ओरडून घसा बसवते, पण मेंदू ऐकेनासा होतो." तर म्हणते, "आजोबा, रक्तातसुद्धा आईच का ओरडते हो?" आहे उत्तर? मला चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं!

सुईला मात्र घाबरायची. "आधी तुम्ही टोचून घ्या. माझ्या सगळ्या तपासण्या तुमच्यापण!" घेतलं टोचून. रक्त काढणाऱ्या बाईंनी एक नळी माझी, एक तिची, दोन्हींवर नावाची लेबलं, नळ्या स्टँडमध्ये... आणि पोरगी पांढरीफटक पडली! बाई तिला धरून बाहेरच्या बाकावर घेऊन गेल्या. आत मी एकटा. आणि एक लेबल तिरकं.

तिरकं राहू द्यावं ना? नाही! शंका आली. आडनाव एक, पहिलं अक्षर एक, बाईंनी अदलाबदल तर केली नसेल? नीट बघावं म्हणून एक सोडवलं, ताडून बघावं म्हणून दुसरं सोडवलं, आणि आता बघतो तर एक लेबल या अंगठ्याला, एक त्या अंगठ्याला, आणि समोर दोन नळ्या, दोन्ही लाल! मग विचार केला. शिकलेला ना मी! म्हटलं, गडद रक्त म्हाताऱ्याचं, फिकं पोरीचं. दिली चिकटवून. बाई आल्या, "काका, काही हवंय का?" सांगायला तोंड उघडलं हो, पण जीभ टाळूला चिकटली... लेबलांपेक्षा घट्ट! म्हणून म्हणतो, शिकलेल्या माणसाला रक्ताजवळ एकटं सोडू नये.

रिपोर्ट आले. नातीची साखर काठ ओलांडून पलीकडे, इन्सुलिन चढलेलं, लेप्टिन आभाळाला टेकलेलं. माझं सगळं निकोप! सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुमचं रक्त तर पोरासोरांसारखं!" कोणाला संशय येईल? ती गोल, मी काडी. पोट होतं मला, पण ते सदऱ्याआड, काडीला मडकं बांधल्यासारखं. लोक रिपोर्ट वाचत नाहीत हो, अंगकाठी वाचतात. मी चाचरत म्हटलं, "पुन्हा एकदा तपासू या का?" "बाबा, तुमच्या शंका पुरे! पोरगी माझी आहे."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांआधी तीन महिन्यांची मुदत दिली. बिस्किटं बंद, ताटात उकडलेल्या भाज्या, सकाळ-संध्याकाळ मैदानाला पाच फेऱ्या. पहिल्याच दिवशी ताटात टपटप आसवं. "मी एकटी नाही खाणार." आता मी काय करणार? मनात चोर! म्हटलं, वाढा मलाही तेच. मैदानावर ती पुढे, मी मागे धापा टाकत, आणि वर टोमणा, "चला की आजोबा, रक्त पोरासोरांसारखं ना तुमचं?"

तीन महिन्यांनी तिचं रक्त पुन्हा तपासलं. स्वच्छ! गोळ्या टळल्या, सूनबाई रडल्या, डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. माझं कोण तपासणार? मला काय धाड भरलीय! पण खोटं कशाला बोलू, तळपायांच्या मुंग्या गेल्या, सारखी लागणारी तहान गेली. मला वाटलं, मैदानाची हवा मानवली.

पाच वर्षांनी ती कॉलेजात गेली, तिथे रक्तगट तपासला, आणि जुन्या रिपोर्टांची फाईल घेऊन माझ्यासमोर उभी. "आजोबा, रक्तगट बदलतो का हो?"

"छे! मरेपर्यंत नाही."

"मग माझा आत्ता ओ, आणि चौदाव्या वर्षी बी? बी तर तुमचा ना?"

कोपऱ्यात छापलं होतं हो दोन्ही कागदांवर! कोपरे कोण वाचतं? सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "म्हणजे तीन महिने ते उकडलेलं मी तुमच्या साखरेसाठी खाल्लं?"

"हो गं."

"आणि मला वाटायचं, माझंच काहीतरी बिघडलंय..." मग माझा हात धरून म्हणाली, "चला. तुमचं रक्त द्यायचंय."

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी नेते, आणि सुई निघाली तरी माझे दोन्ही हात सोडत नाही. प्रेम आहेच, पण लेबलांवर लक्ष जास्त. आणि हो, नळीतल्या रक्ताच्या गडद-फिक्या रंगावरून वय कळत नाही, हे त्याच दिवशी पुस्तकात बघून खात्री करून घेतली. पान दोनशे बारा. पुस्तक मीच लिहिलेलं आहे.