होडीखालची गादी

निजाम : उसाचं पाचट काढा बाई त्या पोत्यांतनं. टोचतंय. कराडपातूर जाईस्तवर होडीच्या रंगावर शंभर रेघा मारंल.

प्रमोदिनी : फुकट मिळालं म्हणून भरलं. दुकानातलं कव्हर होडीपेक्षा महाग. ही काय, परसात बसून अवधूतनं प्लायवूडची ठोकलेली.

निजाम : मला सांगताय व्हय? शीड माज्याच मशीनवर शिवलंय त्यानं. तीन सुया मोडल्या, आन वर मलाच म्हणतोय, निजामचाचा, तुमचं मशीन गाद्यांचं हाय, वाऱ्याचं न्हाई.

प्रमोदिनी : हे बघ, डोलकाठीला त्याच्या जीन पँटचे पाय चढवलेत. बरोबर बसले.

निजाम : झ्याक. आता कडंला सायकलच्या ट्यूबा. दोरी ट्यूबवर, गाठ हवेत. गाठ लाकडाला लागली की खड्डा पडलाच.

प्रमोदिनी : लेकीला, वल्लरीला, शब्द दिलाय मी. ‘तुझ्या भावाच्या हातून जशी सुटली तशीच वाईला पोचेल.’ धोम धरणाच्या पाण्यात पोरांना होडी चालवायला शिकवणार आहे ती. एक ओरखडा नको, निजाम. ह्या घरातलं काहीतरी नीट पोचू दे.

निजाम : पोचंल. टेम्पोवर आसिफ हाय, माजा पुतण्या. शिव्या आदीच घालून ठिवल्यात त्येला.

प्रमोदिनी : आणि तळाला? सगळा भार तळावर येणार.

निजाम : गिरद्या आणल्यात चार, बारक्या गाद्याच. कापसाच्या.

प्रमोदिनी : कापूस दबतो, काथ्या घालू, असं तूच म्हणालास.

निजाम : खाली काथ्या, वर कापूस.

प्रमोदिनी : कुणाचा कापूस?

निजाम : हुता माळ्यावर पडलेला.

प्रमोदिनी : चौथीत माझ्या वर्गात होतास. खोटं बोलताना तेव्हाही कानच खाजवायचास.

निजाम : (कानावरचा हात खाली घेतो.)

प्रमोदिनी : कुणाचा, निजाम?

निजाम : तेराव्याला तुमी त्याची गादी दिली न्हवती का? ‘ने, डोळ्यांसमोर नको’ म्हणून. ती.

प्रमोदिनी : पिंजून विकून टाक म्हटलं होतं मी. दोन वर्षं झाली!

निजाम : पिंजली. इकवली न्हाई. गिऱ्हाईक यायचं, हात फुडं व्हायचा न्हाई. तीच गादी खांद्यावर घिऊन मी दवाखान्याच्या गेटात हुबा हुतो, बाई. पाच तास. तुमी आतनं रडत आला, तवा खाली टाकली.

प्रमोदिनी : नको काढू ते.

निजाम : पुरात तीन दिस ह्याच होडीतनं माणसं काढली त्यानं. बाळंतीण काढली, म्हाताऱ्या काढल्या, एकाची शेरडं काढली. आन त्येला ताप चढला तवा कॉट न्हाई?

प्रमोदिनी : कॉट नाही म्हणाले. मग गादी द्या. तीही नाही. फरशीवर झोपवलं, भर पावसाळ्यात, नुसत्या फरशीवर. घरून आणते म्हटलं, तर घरची गादी आत चालत नाही, नियम आहे. गादी चालत नाही, फरशी चालते! आणि वर्षश्राद्धाआधी पुढारी घरी आले, त्याच्या फोटोला शाल घातली. फोटोला थंडी वाजते का रे?

निजाम : त्या गेटवाल्याला ढकलून घुसाय पायजे हुतं मी. आमच्यासारख्यानं हात उगारला तर भलतंच हुतंय, म्हणून भ्यालो. खरं सांगतो बाई, भ्यालो.

प्रमोदिनी : मी तरी कुठं ढकललं? तीस वर्षं पोरांना रांगेत उभं राहायला शिकवलं. तिथंही रांगेतच उभी राहिले. माझा नंबर येईपर्यंत तो गेला.

निजाम : नगं असंल तर गिरद्या न्हेतो परत. काथ्यावर भागवू.

प्रमोदिनी : लाकडाला गादी. आणि माझ्या पोराला...

(बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतो.)

निजाम : आसिफ आला. काय करू, बाई?

प्रमोदिनी : ह्या चारांतली उशाकडची कुठली?

निजाम : आँ?

प्रमोदिनी : डोकं ठेवायचा ती बाजू. तेलाचा डाग होता. केवढी ओरडायचे मी त्यावरून.

निजाम : डाग खोळीला हुता. कापूस एकदा पिंजला की उसं-पायतं काय ऱ्हात न्हाई. चारीत सारखाच हाय त्यो.

प्रमोदिनी : चारीत?

निजाम : व्हय.

प्रमोदिनी : मग चारी अंथर. सुरकुती ठेवू नकोस.