दोन उताण्या, तीन पालथ्या

प्रमिलाबाई : नाही म्हटलं ना, विजू. आज तो पट मांडू नको. तुझ्या बाबाले झोपू दे.

विजया : ते झोपलेले नाहीत, आई. नुसते डोळे मिटून पडलेत. मघाशी मी उशाशी पाणी ठेवलं तेव्हा पापणी हलली.

प्रमिलाबाई : मंग पडू दे तसेच. मागच्या रविवारी तू तो गोष्टीचा खेळ मांडला, त्यायनं सगळ्या कवड्या खाटेखाली उडवल्या, अन् तवापासून तोंडातून एक शब्द नाही. आधी निदान 'पाणी' म्हणत होते, 'पंखा' म्हणत होते. लकवा झाला तवाही असं तोंड मिटलं नव्हतं बाप्पा.

विजया : माहीत आहे मला. तिकडे सौसरच्या शाळेत आठवडाभर पोरींना भिंगं आणि आरसे शिकवून राहिले होते, पण डोक्यात हेच. कुठे चुकलं?

प्रमिलाबाई : आता ते पण मीच सांगू? बुढ्या माणसाले चोर बनवलं, तिथंच चुकलं.

विजया : मी कुठे बनवलं? मी तर विचारलं होतं, बाबा, या गोष्टीत तुम्हाला कोण व्हायचं? सरदार, वैद्य, सावकार, कोणीही व्हा. बराच वेळ ओठ हलवत राहिले आणि मग म्हणाले, चोर.

प्रमिलाबाई : उभा जन्म स्टेशन मास्तर! बिनतिकिटाच्या माणसाले कधी फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही. अन् आता देवगडच्या किल्ल्यात शिरून गोंड राजाचं काय चोरून राहिले म्हणे?

विजया : नगारा.

प्रमिलाबाई : नगारा! अरे, तो नेतील कसा अन् ठेवतील कुठं? वाजला म्हणजे?

विजया : बघ, तूही हसलीस. तेही हसले होते त्या दिवशी. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा.

प्रमिलाबाई : हसले होते, खरं आहे. मी सैपाकघरातून ऐकलं होतं.

विजया : नागपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, आठवतं ना? शब्द परत यायचे ते या पहिल्या काही महिन्यांतच. त्यांना बोलतं ठेवा. आणि आपण काय करतो? तू चमचा समोर धरतेस. अहो, हे काय आहे? चमचा. म्हणा, चमचा.

प्रमिलाबाई : मंग काय झालं? डॉक्टरच म्हणाले होते.

विजया : ज्यांच्या एका शब्दाशिवाय मालगाडी हलत नव्हती, त्यांनी आता चमचा म्हणून दाखवायचा. कशाला म्हणतील ते? खेळात बोलत होते, कारण तिथे त्यांना काहीतरी हवं होतं. नगारा हवा होता.

प्रमिलाबाई : मंग तो खेळ तरी कायले उधळला? तूच सांग, तू सायन्सवाली.

विजया : मला वाटतं, मी लांबण लावते. बुरूज कसा आहे, तटाला दगड कुठला, खंदकात पाणी किती. वर्गात शिकवल्यासारखं. ते ऐकता ऐकता पेंगतात.

प्रमिलाबाई : लावतेच तू. पोळ्या करता करता मलेही झोप येते. माणूस भिंतीले लोंबकळून राहिला अन् तू त्याले दगडाची जात सांगते!

विजया : हॉस्टेलला जयश्री हा खेळ चालवायची. तिच्या भावानं परदेशातून या खेळाची पेटी आणली होती. त्यात गुहा होत्या, राक्षस होते, आणि आमच्यासारख्या पाच पोरी एका पलंगावर. जयश्री दोन वाक्यं बोलायची आणि लगेच विचारायची, आता तू काय करतेस? पेंगायला वेळच नाही मिळायचा. पहिल्याच दिवशी तिनं गोष्टीतल्या माझ्या माणसाला दरीत टाकून मारलं. मी रुसून बसले, जेवले नाही. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी पलंगावर जाऊन कोण बसलं असेल?

प्रमिलाबाई : तू. पण तुझ्या बाबाचा चोर तर पडतच नाही कधी. भिंत चढला, कुत्र्याले चुकवलं, पहारेकऱ्याच्या बगलेतून गेला. मले तर तो चोर कमी अन् देव जास्त वाटून राहिला.

विजया : डॉक्टर म्हणालेत, मन खचू देऊ नका.

प्रमिलाबाई : मी काय म्हटलं? चिडते कायले?

विजया : चिडले नाही. आजचा एक डाव, आई. एकच. माझी बस सव्वापाचला आहे, तोवर.

प्रमिलाबाई : एक. अन् त्यात नाही बोलले, तर कवड्या डब्यात अन् डबा माळ्यावर. उद्यापासून माझा चमचा. कबूल?

विजया : कबूल. ये तूही, इथे खाटेशी बस. बाबा, मी पट मांडून राहिले. उठवते हं तुम्हाला, उशी मागे घेते. अशी. ही वाटी तुमच्या उजव्या हातात. पाच कवड्या आहेत. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या, तर काम फत्ते. कमी पडल्या तर नाही.

यशवंतराव : …

विजया : आज मी लांबण लावणार नाही. तुम्ही आतल्या तटावर अर्ध्यात आहात. वर पहारेकरी खोकतो आहे. काय करता?

यशवंतराव : …

प्रमिलाबाई : चढतील, आणखी काय करतील! अहो, चढतो म्हणा ना. च-ढ-तो.

विजया : आई, एक नियम ऐक. वाटी ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं.

प्रमिलाबाई : पण त्यायले शब्द सापडून नाही राहिला! मले सापडला आहे तर मी—

विजया : वाटी कोणाच्या हातात आहे?

प्रमिलाबाई : बरं बाप्पा. हे पहा, तोंडावर पदर धरला.

विजया : काही घाई नाही, बाबा. पहारेकरी म्हातारा आहे, तो रात्रभर खोकणार आहे.

यशवंतराव : …

विजया : बोट वर केलंत. म्हणजे चढता. टाका कवड्या. सांडल्या तरी सांडू द्या, मी गोळा करते. हां… पडल्या! तीन उताण्या! जमलं, बाबा, तुम्ही वर—

(यशवंतराव कवड्यांवर ठेवलेला विजयाचा हात डाव्या हातानं उचलतात आणि बाजूला ठेवतात.)

यशवंतराव : दोन.

प्रमिलाबाई : बोलले! विजू, ते बोलले! काय म्हणाले?

यशवंतराव : दोन. तीन… तीन नाही.

विजया : हो. दोनच आहेत. दोन उताण्या, तीन पालथ्या.

यशवंतराव : मागे… मागे पण.

विजया : हो, मागच्या रविवारी पण. आणि त्याच्या आधी कुत्र्याच्या वेळी. मी हाताखाली उलटवत होते.

प्रमिलाबाई : असं होय! म्हणून उडवल्या त्यायनं कवड्या. अन् मी म्हटलं, आजारानं डोकं तापलं. अगं पोट्टे, या माणसानं नोकरीत एक सिग्नल खोटा पाडला नाही. रुळावर नुसतं ढोर उभं असलं तरी मेल थांबवून ठेवत होते, वरचे साहेब किती का ओरडेनात. अन् तू त्यायलेच खोट्या कवड्या मोजून देते?

विजया : मला भीती वाटली. आधीच इतकं हरलेत. म्हटलं, गोष्टीतही पडले, तर पुन्हा उठून बसणारच नाहीत.

यशवंतराव : विजू.

विजया : काय, बाबा?

यशवंतराव : पडू… पडू दे.

विजया : पडू देऊ? नक्की? लागेल हं.

यशवंतराव : लागू दे.

विजया : ठीक आहे. दोन उताण्या. दगड निसटतो, हात सुटतो आणि तुम्ही खाली. थेट मुदपाकखान्याच्या अंगणात, लाकडांच्या ढिगावर. घोटा मुरगळला आहे. आवाज इतका झाला की पहारेकऱ्याचा खोकलासुद्धा थांबला.

यशवंतराव : हं… हं… हं!

प्रमिलाबाई : हसून राहिले! घोटा मोडला अन् हसून राहिले! मंग? मंग पुढं?

विजया : मुदपाकखान्याचं दार उघडतं. एक म्हातारी स्वयंपाकीण दिवा घेऊन बाहेर येते. आई, ती तू.

प्रमिलाबाई : मी? मले हे खेळ-बिळ नाही जमत. वरण चढवायचं आहे. अन् म्हातारी कायले?

विजया : बरं, म्हातारी नाही. ठसकेबाज स्वयंपाकीण. दिवा तुझ्या हातात आहे, लाकडात काहीतरी हललं. काय करतेस?

प्रमिलाबाई : मी काय करीन? मी ओरडीन. नाही, थांब. ओरडली तर पहारेकरी येईल, अन् तो आला की त्यालेही चहा करा. मी आधी विचारीन. कोण आहे रे तिकडं? माझी लाकडं कोण पाडून राहिलं?

विजया : झकास. आता वाटी बाबांकडे.

यशवंतराव : …

प्रमिलाबाई : विजू, मी—

विजया : पदर.

प्रमिलाबाई : अगं, कपाळाची शीर फुगली त्यायची. मी नुसतं पहिलं अक्षर सांगते. एक अक्षर.

विजया : तू सांगितलंस, तर तो शब्द तुझा झाला. थांब ना. आपल्या घरात गेले कित्येक दिवस त्यांच्यासाठी कोणी थांबलंय का? मीही नाही. स्वयंपाकीण दिवा धरून उभी राहील. तिला कुठे जायचंय?

प्रमिलाबाई : हात दुखला तरी?

विजया : दुसऱ्या हातात घेईल.

यशवंतराव : मी.

प्रमिलाबाई : मी कोण? मी मी तर बकरी पण करते! नाव सांग, नाही तर हे जळकं लाकूड घालते पाठीत!

विजया : आई, अशी नको घाबरवू—

प्रमिलाबाई : तू चूप. दिवा माझ्या हातात आहे. बोल रे! चोर तर नाही ना तू?

यशवंतराव : ना… नाही. बाई.

प्रमिलाबाई : बाई म्हणतो! मंग माझ्या अंगणात कायले आला?

यशवंतराव : भू… भू…

(प्रमिलाबाई आपणहून तोंडावर पदर धरतात.)

यशवंतराव : भूक. भूक लागली, बाई.

प्रमिलाबाई : विजू.

विजया : ऐकलं मी.

प्रमिलाबाई : भूक लागली म्हणाले. मी घड्याळ पाहून ताट आणते, घास भरवते, तोंड पुसते. लागली का म्हणून विचारलं नाही कधी. अहो, थांबा, शिरा करते, आत्ता करते—

विजया : बस खाली. हे चोरानं स्वयंपाकिणीला सांगितलं आहे. चोर तो, थापही असेल त्याची.

यशवंतराव : हं हं! थाप.

प्रमिलाबाई : थाप! पाहा कसे पक्के! नाही, पण थाप असो की खरं असो, भूक लागली म्हणणाऱ्याले माझी बाई हाकलणार नाही. घेते त्याले आत. सांजेची भाकर आहे, पिठलं आहे.

विजया : असं कसं? तिला दया येते की ती शंख करते, ते कवड्या ठरवतील.

प्रमिलाबाई : कवड्या कायले ठरवतील? बाई माझी आहे ना?

यशवंतराव : नियम.

प्रमिलाबाई : आं?

यशवंतराव : नियम. नियम आहे.

प्रमिलाबाई : घ्या! जे बोलणं घरात जन्मभर ऐकलं, तेच परत आलं. टाका मंग. अन् पालथ्या पडल्या तर मले दोष देऊ नका. मी पिठलं देऊन राहिली होती.

विजया : दोन्ही हातांनी नको, बाबा. उजव्यानंच, त्याला काम हवं. मी धरत नाही. हां.

प्रमिलाबाई : पडल्या! एक तिकडं उशीपाशी गेली. सांग लवकर, किती? विजू, किती पडल्या?

विजया : मी नाही बघत. मी हात मागे घेतलेत.

प्रमिलाबाई : मी पाहू?

विजया : तूही नाही.

प्रमिलाबाई : बाई गं, जीव टांगून ठेवला. अन् तो पाहा भोंगा, तुझी सव्वापाचची चौकात लागली. पिशवी घे. सातची कधी येते, कधी येत नाही.

यशवंतराव : ए… एक. दोन…

प्रमिलाबाई : अगं, ऊठ ना! उभी बस निघून जाईल.

विजया : जाऊ दे, आई. बाबा मोजून राहिले.