कार्डावर सध्या ‘कुत्रा, नर’

हॅलो?... अं... हं... थांबा, थांबा, तोंडात टाचण्या आहेत... हं, काढल्या. बोला भाऊजी.

नाही हो, कामात असले तरी हातच कामात आहेत. शाळेचे चाळीस शर्ट आलेत शिवायला, सगळ्यांची काजं राहिलीत. तुम्ही बोला, कान रिकामेच आहेत.

यादी? मिळाली ना. वाचली, दोनदा वाचली... अहो, पण बावीस नावं? एकच कुत्रा आहे आपल्याकडे, पलटण नाही.

कधी केलीत एवढी?... पेशंट समोर असताना? आणि तो काय करत होता?... कापूस कोंबून ठेवलात त्याच्या तोंडात? आत्ता पण आहे का कोणी खुर्चीत?... कमाल आहे. दातांच्या डॉक्टरांचं हे बरं असतं, समोरचा उलटून बोलूच शकत नाही.

बरं ऐका. ‘सम्राट’ नको. ‘विक्रमादित्य’ तर मुळीच नको... अहो, बाबांच्या तोंडून चार महिन्यांत साधं ‘पाणी’ निघालेलं नाही आणि तुम्ही विक्रमादित्य कुठून काढताय?

हो, जुनं हवं असंच म्हटलं होतं मी. पण इतकं जुनं नाही!

पुन्हा सांगते, नीट ऐका. त्या स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, झटका आल्यावर नवीन शब्द जिभेवर लवकर चढत नाही. जो शब्द माणसाने जन्मभर हजारदा म्हटलाय, झोपेतसुद्धा चुकणार नाही असा, तो आधी येतो. म्हणून कुत्र्याचं नाव जुन्या वळणाचं ठेवा. मोती, राजा, टायगर, सगळ्यांच्या तोंडात बसलेलं. एकदा का एक हाक निघाली की तिच्यामागून बाकीचे शब्द येतील म्हणाल्या.

नाही... ‘येतील’ म्हणाल्या. ‘येतीलच’ नाही म्हणाल्या. जितका उशीर होईल तितकं अवघड, असंही म्हणाल्या. तुम्हाला घाबरवत नाही, जे म्हणाल्या ते सांगतेय.

झालंय की सगळं करून! रोज सकाळी समोर बसून एकेक नाव म्हणते. पसंत असेल तर काठी एकदा आपटायची, नसेल तर दोनदा. मोती, दोनदा. राजा, दोनदा. टायगरला तर तीनदा आपटली, ते नवीनच. तुमचे दादा म्हणाले, शेरू म्हणून बघ. त्यावर काठी आपटलीच नाही, नुसतं बघितलं माझ्याकडे. तुम्हाला माहितीय ना कसं बघतात ते.

कुत्र्याला काय कळणार, डोंबल! दादा टायगर म्हणतात, मी मोती, पेपरवाला शुक शुक. तो कोणालाच ओ देत नाही. लस टोचायला नेला तर तिथले डॉक्टर विचारतात, नाव काय? आता काय सांगू? त्यांनी कार्डावर लिहिलं, ‘कुत्रा, नर’. दिसतंच आहे म्हटलं.

छान आहे हो. गुटगुटीत. आधी पोट खोलीत येतं, मागून कुत्रा. अगदी तुमच्या लहानपणीच्या फोटोतल्यासा... बरं, बरं! नाही घेत ते नाव. लग्नात सगळ्यांना तंबी दिलीत, लक्षात आहे माझ्या. बायकोसमोर नाही, सासुरवाडीत नाही, दवाखान्यात तर नाहीच नाही. बाबांनी बिचाऱ्यांनी त्या दिवसापासून ‘डॉक्टर’ म्हणायला सुरुवात केली तुम्हाला. डॉक्टर आले का, डॉक्टरांना वाढ. पोटच्या पोराला!

बरं, सोडा. आज एक उद्योग केलाय मी. शिट्टी लपवलीय.

तीच हो, शाळेतली. तीस वर्षं खेळाचे मास्तर, त्या शिट्टीवर अख्खं मैदान पळवलं, आता आम्हाला पळवतात. एक शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे पेपर, लांबलचक आली की पंखा बंद करा. आणि कुत्रा तर शिट्टीसरशी हजर. बाई म्हणाल्या, अहो, शिट्टीवर सगळं भागतंय तर जीभ कशाला कष्ट घेईल? पटलं मला. सकाळी अंघोळीला गेले तेवढ्यात काढून घेतली.

बॉबिनच्या डब्यात... नाही सापडणार. उशीखाली शोधलं, चपलांत शोधलं, माझं कपाट उचकलं. मग मोठ्या रागाने अंगणात खुर्ची टाकून बसलेत माझ्याकडे पाठ करून. कट्टी आहे आमची. चहासुद्धा घेतला नाही. मलाच कसंतरी होतंय बघून.

एक मिनिट हं... हो, ठेवा जार तिथेच, दाराशी... रिकामा तो काय कोपऱ्यात... आणि फाटक लावा हो जाताना!... पाणीवाला. हं, बोला.

शनिवारी या म्हटलं तर?... हे बघा, दोन महिने दर शनिवारी तुमचं काहीतरी निघतं. कॉन्फरन्स काय, गाडी काय. यादी पाठवता, फळं पाठवता, स्वतः तेवढे येत नाही.

मी काही बोलणार नव्हते. पण आता बोलतेच. मागच्या वेळी बाबांनी तोंड फिरवलं, ते तुम्ही मनाला लावून घेतलंय.

लावून घेतलंय! मला शिकवू नका.

ओळखलं कसं नाही? भाऊजी, वेड्यासारखं बोलू नका. तुम्ही फाटकातून आत आलात तेव्हा मी त्यांच्याच शेजारी उभी होते. ओठ हलत होते त्यांचे. काहीतरी म्हणायला बघत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, नाहीच निघालं. मग फिरवलं तोंड. लाज वाटली हो त्यांना. स्वतःच्या पोरासमोर...

नाही, दादांकडे बघून हसतात कारण दादा रोज इथे असतात. त्यात परकं कोण आणि आपलं कोण?

तुम्ही ना, लहानपणापासून... अगं बाई!

फाटक! फाटक उघडंच टाकून गेला मेला!

कुत्रा निघाला हो रस्त्यावर... नाही, फोन हातातच आहे... ए! ए मोती! राजा! टाय... ढुंकून बघत नाही! समोरून ट्रक येतोय... शिट्टी... बॉबिनचा डबा कुठे गेला... सगळे शर्ट अंगावर पडले माझ्या... बाबा! बाबा, उठू नका, पडाल! बाबा...

...

...

भाऊजी.

वळला.

हो... वळला. आला परत. धावत आला, फाटकातून आत... नाही, काही लागलं नाही. गेला तो ट्रक. थांबा, फाटक लावते आधी... लावलं. कडी लावली.

बाबा उभे आहेत. काठी तिकडे पडलीय आणि हे नुसते उभे आहेत. खुर्चीची पाठ धरून... कुत्रा पायांवर लोळतोय त्यांच्या. हसताहेत. भाऊजी, हसताहेत हो.

तुम्ही ऐकलंत?

मी नाही! देवाशप्पथ, मी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. तेच ओरडले. दोनदा. ‘ढब्या! ए ढब्या, घरी ये!’ मैदानावरचा आवाज, जस्सा होता तस्सा. समोरच्या घरातल्या बाई बाहेर आल्या बघायला.

एक मिनिट. एक मिनिट थांबा. तुम्ही काय म्हणालात?

आत्ता नाही, मघाशी. हाक आली तेव्हा... मला ऐकू आलं. ‘ओ, आलो!’ असं म्हणालात तुम्ही. मोठ्याने.

म्हणालात! आता नाही काय म्हणता? तुमच्या त्या पेशंटनेही ऐकलं असेल.

भाऊजी... रडा हो, त्यात काय. मी पण रडतेच आहे. शाळेच्या शर्टाच्या बाहीला डोळे पुसलेत, आता तो पुन्हा इस्त्री करावा लागणार.

कळलं का तुम्हाला? त्या दिवशी ते ‘डॉक्टर’ काढायला बघत होते. तुम्हाला राग येऊ नये म्हणून. आणि ते काही केल्या निघेना. रोज संध्याकाळी मैदानावरून, झाडावरून, कोणाकोणाच्या घरून ज्या नावाने तुम्हाला घरी बोलावलं, ते तिथेच होतं, जिभेच्या टोकावर. त्याच्यावरच तर तुम्ही बंदी घातलेली. आणि आपण बसलोय मोती की राजा करत!

चूक कोणाचीच नाही हो. मला तरी कुठे सुचलं?

देते ना. थांबा... बाबा, हे घ्या. डॉक्टरांचा फोन आहे... बघितलंत? ‘डॉक्टर’ म्हटलं की फिरलं तोंड. आता बघा हं... बाबा. ढब्याचा फोन आहे.

...

...

हं, मी आहे परत. फोन परत दिला माझ्या हातात. डोळे भरलेत त्यांचे, पण चेहरा बघायला हवा होतात. काय म्हणाले?

तेवढंच? ‘ढब्या, घरी ये’?... अहो, मग अजून काय हवं?

बरं, आता मुद्द्याचं. कुत्र्याच्या नावाचं काय करायचं?... मला विचारू नका. थांबा, काठी उचलून देते त्यांच्या हातात आणि त्यांनाच विचारते. बाबा, ह्याचं नाव ढब्या ठेवायचं?... ऐकलंत? काठी एकदा. एकदाच! तीन आठवड्यांत पहिल्यांदा एकदा आपटली. आता तुमचं काही चालणार नाही.

नाही, ‘ढब्बूराज’ नाही. सुधारू नका. तुमची बावीस नावं ठेवा तुमच्या खणात, पुढच्या कुत्र्याला होतील.

बायको हसेल तर हसू दे. पोरंही हसतील. मी तर कार्ड घेऊनच बसलेय... ‘कुत्रा, नर’ खोडलं... ढ... ब्या. झालं. आता अपील नाही.

शिट्टी? छे, आता शिट्टी विसरा. डब्यातच राहू दे. चहासुद्धा मागितल्याशिवाय मिळणार नाही.

मग शनिवारी नक्की समजू?

आज? आज म्हणजे... आत्ता?

अहो, या ना, नाही कोण म्हणतंय! पण दवाखाना? तो खुर्चीतला माणूस?... उद्या? असं कसं ‘उद्या’... भाऊजी, ऐका, निदान त्याच्या तोंडातला कापूस तरी काढा आधी! भाऊजी?

हॅलो?... हॅलो?...

ठेवला. निघालेसुद्धा.

बाबा, ऐकलंत का? ढब्या येतोय... नाही हो, हा नाही. हा तर तुमच्या पायाशीच आहे. तो मोठा.