कोमल गणितात पुढं होती

वडगावच्या स्टँडवर टाकव्याच्या एसटीची वाट बघताना, बाकावरच्या दोन जावांचं बोलणं आसावरीच्या कानावर पडलं.

“राजेश्वरीचा कॉम्प्युटर आधीच सांगतो, कुटलं औषध शरीरातल्या कुटल्या प्रोटीनला चिकटंल.”

“कॉम्प्युटर सांगतो ना? मग तुज्या लेकीचं कसलं कौतुक, रतन?”

“त्याला शिकवती तीच, अक्का. हजारो जुनी उदाहरणं दाखवून.”

“आन् चुकला तर?”

“चुकतो की. म्हनून तर परत लॅबमदी तपासत्यात.”

“आमची कोमल न्हाई चुकायची. गणितात तुज्या लेकीच्या पुढं व्हती.”

“व्हय, लय पुढं. शाळंतल्या बाई तुमच्या घरी आल्या व्हत्या, पोरीला शिकवा म्हनून.”

“स्थळ चालून आलं, लगीन उरकलं.”

एसटी आली. अक्का उठली नाही.

“रतन, हे आमच्या घरी सांगू नको. राजेश्वरीचं नाव निघालं की माहेरी आलेली माजी कोमल ताटावरनं उठती.”