चिकू-गाडी पक्षाचं नवं बारसं

...“पक्ष बंद, आणि बकुळा—” शेजारून भाऊंचं एवढंच आलं बघा कानावर, पुढचं त्यांच्या मिक्सरनं खाल्लं. कान लावून बसले नव्हते हो, कुंपणापाशी अळूची पानं काढत होते. बसा ना माझ्या ओट्यावर, पक्षाचे हरिश्चंद्रभाऊ आणि बकुळा, दोघं नवराबायको वाणगावला गेलेत, येतीलच. तुम्ही मुंबईहून पक्षाला नवं नाव द्यायला आलात ना — बगलेत बॅनर दिसतोय म्हणून म्हटलं.

द्या हो द्या, गरजच आहे. ‘चिकू-गाडी पक्ष’ — मागणी एकच, चिकूला दिल्लीपर्यंत वेगळी रेल्वेगाडी पाहिजे. आता ट्रक वाडीच्या दारात येतो, भाऊंचा स्वतःचा माल ट्रकनंच जातो, पण गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे. मागच्या निवडणुकीत तलासरीला जाऊन तेच बोलले. तिथं चिकूची वाडी कोणाकडे? लोक म्हणाले, आमच्या पाड्यावर एसटी येत नाही, ती आधी आणा. भाऊ म्हणाले, आधी चिकू. मतं पडली ती चिकूएवढी पण नाही, चिकूच्या बीएवढी.

मग काय, पाड्यांवरच्या मतांसाठी झेंड्यावर वारली चित्र. तेही कुठलं, तर लग्नाचा चौक — जो लग्नघरी सवाशिणींनी भिंतीवर काढायचा. कॅलेंडरवर छान दिसला, छापला. कैनाडला भर सभेत शुक्रीनं विचारलं — माझ्याकडे वाल सोलायला येते ती — “लग्न कोणाचं, भाऊ? नवरी कुठंय?” सगळा पाडा हसला. बकुळा तिथंच, खाली मान घालून. घरी येऊन माझ्यापाशी रडली, म्हणाली, मी आपली बोर्डीला माहेरी जाऊन राहते.

म्हणून विचारते हो. पक्ष काय, बुडाला तर बुडाला. पण ती गेली तर — आमचे हे गेल्यापासून सकाळचा चहा मी तिच्याकडेच घेते, एकटीला घशाखाली उतरत नाही. आणि तिचं तरी माझ्यावाचून पान हलतं का? सगळं मला सांगते. खरंच जाते का ती?

नाही जात? बरं झालं, बाई. मग “आणि बकुळा” काय होतं — उघडा बघू बॅनर. ‘गाव-गाडी पक्ष’. म्हणजे बंद-बिंद काही नाही, चिकू काढला, गाव घातलं, गाडी तशीच. आणि हा फोटो...

बकुळाचा आहे.

उमेदवार. जागा बाईसाठी राखीव झाली म्हणून — हो, कळलं. कधी ठरलं हे? गणपतीत?

गणपतीनंतरही रोज जातेय मी तिच्याकडे चहाला.

नाही, काही नाही. ती बघा रिक्षा थांबली, आले दोघं. जा तुम्ही. चहा तिकडेच घ्या, माझ्याकडे दूध नाही.