नवरीच्या मागचा धूर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या लोको शेडचे मुख्य अभियंता साहेब. व्यासपीठावरचे युनियनचे सरचिटणीस. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते फोरमन, म्हणजे तुमचे-माझे आप्पा. पहिल्या रांगेत बसून घड्याळाकडे बघणाऱ्या वहिनी. ड्रायव्हर, फिटर, क्लीनर मंडळी. आणि निव्वळ चहासाठी थांबलेले सज्जनहो,

निरोपाच्या भाषणात वक्त्याने स्वतःबद्दल बोलू नये असा संकेत आहे. तो आजवर कोणी पाळलेला मी पाहिला नाही. मी जुन्या डिझेल इंजिनांचे फोटो काढतो. पोटासाठी विमा कंपनीत बसतो, पण सुट्ट्या सगळ्या रुळांच्या कडेला उन्हात उभं राहून संपवल्या. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा फिरायला नेलं ते एका जंक्शनवर. तिने विचारलं, "आपली गाडी कधीची आहे?" म्हटलं, "आपली गाडी नाहीये गं, नुसतं बघायला आलोय." ती अजून माझ्याबरोबर राहते, हे तिचं मोठेपण.

साहेब खुणावतायत, आवरतं घ्या. घेतो साहेब, पण सुट्टीचा भोंगा होऊ द्या. का, ते भोंगा झाल्यावर सांगतो.

तोवर माझ्या मागच्या बॅनरकडे बघा. फोटो माझा, इंजिन आपली नवरी. रंग सदैव ताजा, म्हणून नवरी. सकाळचं ऊन थेट नाकावर आणि डोक्यावर काळ्या धुराचा तुरा. या फोटोला प्रदर्शनात बक्षीस मिळालं, तो कॅलेंडरवर गेला, आणि त्याच्याच जोरावर मी गेल्या महिन्यात साहेबांच्या समितीत तज्ज्ञ म्हणून येऊन बसलो. तज्ज्ञ! शेडमध्ये जुनी डिझेल इंजिनं दोनच उरलेली, नवरी आणि खोकली. फाटकाजवळच्या बागेत जतन करायचं एकच. खोकली हे नाव कसं पडलं, ते तिला सुरू होताना ऐकलेल्यांना सांगायला नको. मी टेबलावर माझे फोटो पसरले. नवरीचे ढीगभर, खोकलीचे जवळपास नाहीतच. म्हटलं, "एवढ्या पुराव्यापुढे आणखी काय बोलायचं?" समितीने माना डोलावल्या. नवरी बागेत, खोकली भंगारात. सोमवारी गॅस कटरवाले येतायत.

आता त्या पुराव्याबद्दल दोन शब्द. आम्हा फोटोवाल्यांचा एकच धर्म, ऊन इंजिनाच्या तोंडावर पाहिजे. नवरी उभी असायची पूर्वेच्या रुळावर, सकाळी तिच्या नाकावर सोनं. खोकली मालगाडी घेऊन यायची संध्याकाळी, मावळता सूर्य पाठीशी घेऊन. तोंड कायम अंधारात. ती दिसली की मी कॅमेऱ्यावर झाकण लावून चहा प्यायला जायचो. तिने ओढलेल्या वाघिणी किती, तिने वाचवलेल्या खेपा किती, मला काय त्याचं? वर सकाळी ती नवरीच्या आसपास दिसली की आप्पांवर ओरडायचो, "ती खोकली बाजूला घ्या हो, फ्रेम नासवतेय!" आप्पा म्हणायचे, "घेतो की, मागे घेतो."

झाला बघा भोंगा. आप्पा, अभिनंदन. तुम्ही सुटलात, आता मी अडकतो.

आज सकाळी मी जरा लवकर आलो. म्हटलं, "आप्पा, शेवटचा दिवस, नवरी सुरू करा, तुमचा तिच्यासोबत फोटो काढतो." आप्पा कान खाजवायला लागले.

"ती नाही सुरू होत."

"बिघडली?"

"बिघडायला पोटात काहीतरी लागतं, साहेब. पिस्टन, पंप, सगळं काढून खोकलीत बसवलं. सुटे भाग मिळेनात, आणि मालगाडी तर गेली पाहिजे."

"कधी?"

"तुमच्या त्या बक्षीसवाल्या फोटोच्या आधीच."

"मग हा धूर?"

"खोकलीचा. मागून ढकलत होती ना ती. तुम्हीच म्हणाला होता, नजरेआड करा. तुम्ही एवढ्या लांबून पहाटे आलेले, तसंच कसं परत पाठवायचं?"

मंडळी, मी समोरून, लांब पल्ल्याची लेन्स लावून उभा होतो. नाकामागचं काही दिसत नव्हतं. पण ऐकू तर येत होतं! फोटोखाली मी काय छापलं होतं माहीत आहे? 'वयोमानाने आता नवरीलाही खोकला लागला आहे.' हसा, हसा. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही पोट धरून हसलो असतो. सकाळपासून मला या बॅनरकडे तोंड करून उभं राहवत नाहीये, म्हणून पाठ करून बोलतोय.

मी विचारलं, "आप्पा, समितीपुढे गप्प का बसलात?" म्हणाले, "पार्ट विनापरवाना काढलेले. तोंड उघडलं असतं तर निरोपाऐवजी चौकशी लागली असती. शिवाय तुम्ही इतकं छान बोलत होता!" तेवढ्यात वहिनी आल्या. "तेव्हापासून हा माणूस धड जेवला नाहीये, भाऊजी. त्या मशीनला पोरीसारखं जपलंय यांनी. तुम्ही सांगूनच टाका. फक्त भोंगा होऊ द्या, मग यांची साहेब मी एकटी."

साहेब, सांगितलं. चौकशी करायचीच असेल तर माझी करा, उन्हात दिसेल तेवढंच खरं मानल्याबद्दल. मी माझी शिफारस या सभागृहासमोर मागे घेतो. बागेत खोकली उभी करा. आणि नवरीला कापायचं ठरलं, तर तेही माझ्या डोळ्यांदेखत होऊ द्या.

साहेब, आत्ता तुम्ही हळूच "बघू" म्हणालात, ते माइकमध्ये आलं. बघण्याने काय होतं, ते मी एवढा वेळ सांगतोय. त्यापेक्षा चहाआधी सगळे शेडमध्ये चला. आप्पा खोकलीला सुरू करतील, आपण डोळे मिटून ऐकू, आणि तिथेच ठरवू.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर आपण पोटात घाला. बाकीच्या चुकीची माफी तुमच्या हातात नाही. ती मागायला मला पलीकडच्या रुळावर, खोकलीकडे जायचंय, आणि सोमवार फार लांब नाही.