पिवळ्या बुटांची पिल्लं

(बाली. कापणी झालेलं भातखाचर, सकाळ. सेकर शाळेच्या गणवेशात, पायांत गुडघ्यापर्यंतचे पिवळे रबरी बूट. तिचे पेकाक, म्हणजे आजोबा, पांढऱ्या झेंड्याच्या काठीशी. दोघांच्या मध्ये बदकाची पिल्लंच पिल्लं.)

पेकाक : थांब म्हटलं ना! तू हललीस की ती हलतात.

सेकर : पेकाक, शाळा आहे मला! पुतळ्यासारखी किती वेळ उभी राहू?

पेकाक : माझा बाप ही काठी रोवून घरी जाऊन घोरायचा. बदकं संध्याकाळपर्यंत तिच्याभोवतीच. आणि तुझी ही फौज झेंड्याकडं ढुंकूनही बघत नाही!

सेकर : कारण त्यांची आई मी आहे! अंडी फुटली तेव्हा तुम्ही आत्याकडं होतात. मी होते. शेवटचं तर माझ्या ओंजळीत निघालं. डोळे उघडल्यावर जे पहिलं दिसतं त्यालाच पिल्लं आई समजतात, सरांनी सांगितलंय.

पेकाक : मग आईसाहेब, लेकरांना सांगा, बांधापलीकडं रुमावनचं उभं भात आहे. त्यात एक चोच जरी शिरली तर आपल्याला पुन्हा कुणी खाचर देणार नाही. आणि दुपारी कर्तीची आई टोपली घेऊन येईल.

सेकर : ती? केळीच्या पानात बदकं भाजून विकते ती?

पेकाक : खाचर नसेल तर एवढ्यांना घालू काय?

सेकर : नाही हं! मग मी रोज इथंच उभी राहीन.

पेकाक : आणि परीक्षेला बदकं बसतील?

सेकर : थांबा, शोधूनच काढू. त्यांना माझं नक्की काय ओळखू येतं? आवाज? तुम्ही मारा बरं माझ्यासारखी हाक. “याऽ रे सोन्यांनो!”

पेकाक : मी? या वयात?

सेकर : मारा ना!

पेकाक : या रे सोन्यांनो.

सेकर : अजून गोड.

पेकाक : याऽऽ रे सोन्यांनोऽ! झालं समाधान? तो बघ, रुमावन पोट धरून बांधावर बसलाय.

सेकर : पिल्लं ढिम्म. म्हणजे आवाज नाही. आता चेहरा. तुमचं फडकं द्या, तोंडाला गुंडाळते. ही चालले मी. येतायत?

पेकाक : रांग लावून.

सेकर : चेहराही नाही? एवढा छान चेहरा!

पेकाक : टीचभर जीव ते, मान वर करून तुझं नाक कशाला बघतील? बूट काढ.

सेकर : चिखलात?

पेकाक : काढ गं.

सेकर : काढले. चालले... पेकाक! कुणीच येत नाहीये! सगळी बुटांना चिकटली! एक तर आतच शिरलं! मेल्यांनो, भात मी भरवला आणि आई बूट?

पेकाक : हसवू नकोस, खोकला येतो मला. अंडी फुटली त्या दिवशी झेंडा लावला नव्हतास?

सेकर : लावला होता की! चांगला उंच, छपराला टेकेल असा.

पेकाक : उंच? अगं, पहिल्या दिवशी तो जमिनीवर लोळवायचा, त्यांच्या चोचीसमोर!

सेकर : हे कधी सांगितलंत?

पेकाक : हे काय सांगायचं असतं?

सेकर : बरं, सोपंय. बूट काठीच्या टोकाला टांगते, झेंड्याशेजारी.

पेकाक : खबरदार! पायातली वस्तू डोक्यावर? भातदेवीच्या शेतात? सकाळीच फुलं वाहिलीत मी त्या काठीला.

सेकर : मग देऊन टाका कर्तीच्या आईला!

पेकाक : तेवढं नको बोलूस.

सेकर : अहो पण... ती वर बघतच नाहीत ना? मग बूट वर हवेत कशाला? खालीच ठेवू, काठीपासून जरा लांब. बुटांची जागा तीच!

पेकाक : हं. ठेव. बूट खाली, झेंडा वर. रोज दोन्ही एकत्र दिसले की होईल सवय. ...लागली बघ चरायला. रुमावन! हसून झालं असेल तर घरी जा. तुझ्या भाताला आज कुणी शिवत नाही!

सेकर : हे घ्या तोंडावरचं फडकं. मी पळते. सरांना सांगते, आईला शेतात ठेवून आले, म्हणून अनवाणी.

पेकाक : पळ, पळ. ...सेकर, मागं बघ जरा.

सेकर : आता काय? अरे, तू कुठं? बूट तिकडं आहेत, वेड्या!

पेकाक : कुठलं गं ते?

सेकर : ओंजळीतलं.

पेकाक : मग पायांकडं काय बघतेस? ते वर बघतंय.